घाटात वाचवलेली दहा मिनिटे

पिशोरहून कन्नडला जायचे म्हटले की घाट आलाच. कन्नडच्या पुढे चाळीसगावकडे उतरायचे तर त्याहून मोठा औट्रम घाट. आपल्या माणसांचे हे रोजचे रस्ते आहेत. दवाखाना, तहसील, कॉलेज, सोयरिकीची बैठक, बाजार, दहावा, सगळे याच वळणांवरून. आणि आता हा प्रवास एस.टी.पेक्षा मोटारसायकलवर जास्त होतो. कारण साधे आहे. एस.टी. आपल्या वेळेला येत नाही आणि मुकादम आपली वाट पाहत नाही.

आपल्या घरात मोटारसायकल म्हणजे चैनीची वस्तू नाही. ती गवंड्याची थापी आहे, भाजीवाल्याचा गाडा आहे, आशाताईंची पायपीट वाचवणारी सोय आहे. हप्त्यावर घेतलेली ती गाडी घराला भाकर मिळवून देते. म्हणूनच तिच्याबद्दल घरात बसून, बायकापोरांसमोर, मोकळेपणाने बोलले पाहिजे. आम्ही हे का लिहीत आहोत ते आधी सांगतो.

आमच्या वस्तीतील एक तरुण गवंडी याच घाटात गेला. वय तिशीच्या आत. नाव लिहीत नाही. त्याच्या घरच्यांना ते रोज आठवते, तेवढे पुरे. संध्याकाळी कामावरून परतताना वळणावर समोरून आलेल्या मोटारीची धडक बसली. बातमी आली तेव्हा वस्ती पेटली होती. मोटारवाल्याला सोडायचे नाही, रास्ता रोको करायचा, निवेदन द्यायचे. निवेदनाचा मसुदा लिहायला आम्हीच बसलो होतो. गरिबाला कोणी वाली नाही, असे पहिलेच वाक्य लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याची प्रत हाती आली आणि आम्ही ते वळण पाहायला गेलो. ब्रेकची काळी रेघ रस्त्यावर स्पष्ट दिसत होती. ती मोटारीच्या बाजूला होती. आमचा पोरगा उजवे वळण कापून पलीकडच्या बाजूने आला होता. मोटारही वेगात होती, हे खरे. पण ती आपल्या बाजूला होती, हेही तितकेच खरे. निवेदनाचा कागद आम्ही खिशातच ठेवला.

तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने पत्र्याची पेटी उघडून कागद आमच्यासमोर ठेवले. आम्ही कारकून माणूस, कागद वाचणे हाच आमचा धंदा. गाडीचा विमा चार महिन्यांपूर्वी संपलेला. लायसन काढलेलेच नाही, शिकाऊ परवान्याची मुदतही उलटलेली. आणि भिंतीवरच्या खिळ्याला हेल्मेट टांगलेले, त्यावरची प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नाही. तिने विचारले, "भाऊ, ह्या कागदावर लेकरांला काही मिळंल का?" आम्हाला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर समजावे.

घाट काय मागतो?

आपला सातमाळा डोंगर म्हणजे मराठवाड्याच्या पठाराची कड. ती उतरली की खाली खानदेश. जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा घाट याच कडेवरून उतरतो. त्याच्याही कितीतरी आधी, दोन हजार वर्षांपूर्वी, या डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी खोदली गेली. त्यांना दान देणाऱ्यांत पैठणचा अत्तरविक्या होता, असे तिथले शिलालेख सांगतात. म्हणजे माणसे तेव्हाही या डोंगरातून ये-जा करीत होती. फरक इतकाच की ती पायी आणि बैलांच्या चालीने जात होती. आपण त्याच डोंगरात साठच्या वेगाने वळतो.

डोंगरातल्या रस्त्याचे तीन दोष असतात. पुढचे दिसत नाही, रस्ता अरुंद असतो आणि चूक झाली तर पळायला जागा नसते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. पावसाळ्यात त्यात दरडीची भर पडते. ऑगस्ट 2021 च्या शेवटी अतिवृष्टीने औट्रम घाटात दरडी कोसळल्या आणि वाहतूक बंद पडली होती. ऑगस्ट 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने या घाटात जड वाहनांना बंदी आली. लोकांना वाटले, ट्रक गेले, आता घाट सुरक्षित झाला. पण रस्ता मोकळा दिसला की मोटारीही वेग धरतात आणि मोटारसायकलीही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या घाटात एक मोटार दरीत कोसळून माणसे गेली. ट्रक नसले तरी वळण तेच आहे.

आपल्या पिशोर घाटाचे दुःख वेगळे. मार्च 2025 मध्ये तिथे उसाचा ट्रक उलटला आणि उसावर बसलेले मजूर त्याखाली दबून मेले. ती माणसे आपल्यासारखीच, पोटासाठी निघालेली. साखर हंगामात या रस्त्यावर उसाची वाहने, मोटारी आणि मोटारसायकली एकाच वेळी असतात. यात सर्वांत उघडा असतो तो मोटारसायकलवाला. मोटारीला पत्रा आहे, पट्टा आहे. मोटारसायकलवाल्याचा पत्रा म्हणजे त्याची कातडी.

हे केवळ आमचे म्हणणे नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांतील 74,897 दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले किती? 50,029. त्यांत 14,337 तर मागे बसलेले होते. मागे बसणारी माणसे म्हणजे बहुतेक वेळा आपल्या बायका, आया आणि लेकरे.

एक साधा हिशेब

आम्ही वाणिज्य शाखेचे. आम्हाला उपदेशापेक्षा हिशेब कळतो. समजा दहा किलोमीटरचा घाट आहे. ताशी 30 च्या वेगाने तो 20 मिनिटांत संपतो. ताशी 60 ने 10 मिनिटांत. म्हणजे जास्तीत जास्त दहा मिनिटे वाचली. तीही कागदावर, कारण सगळी वळणे साठने कोणाचीच निघत नाहीत. प्रत्यक्षात वाचतात चार-पाच मिनिटे. तेवढी पुढे चहाच्या टपरीवर जातात.

आता खर्चाची बाजू पाहू. समोर काही दिसल्यापासून हात ब्रेककडे जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. मग गाडी थांबायला आणखी अंतर लागते. कोरडा सपाट रस्ता आणि चांगले ब्रेक धरले तर ताशी 30 च्या वेगाला एकूण सुमारे 15 मीटर लागतात. ताशी 60 ला सुमारे 45 मीटर. वेग दुप्पट झाला, अंतर तिप्पट झाले. उतार असेल, मागे माणूस असेल, रस्ता ओला असेल तर आणखी जास्त. आणि घाटातील वळणावर पुढचे वीस-पंचवीस मीटरच दिसत असतील, तर साठने जाणारा माणूस न पाहिलेल्या रस्त्यावर गाडी चालवत असतो. नियम एवढाच लक्षात ठेवावा: जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता आले पाहिजे. रस्ता एकेरी असेल तर त्याच्या निम्म्यात, कारण समोरच्यालाही थांबायला जागा हवी.

वळण कसे घ्यावे?

गाडी सगळ्यांना येते. घाट सगळ्यांना येत नाही.

वेग वळणाच्या आधी कमी करावा. वळणात शिरल्यावर घाबरून जोरात ब्रेक दाबला की चाक घसरते. आधी वेग कमी, मग खालचा गिअर, मग वळण, आणि पुढचा रस्ता दिसला की हळूहळू वेग. नजर चाकापुढे नको, वळणाच्या शेवटाकडे हवी. माणूस जिकडे पाहतो तिकडेच गाडी जाते. दरीकडे पाहणारा दरीकडेच ओढला जातो.

आपले वळण डावीकडे असते तेव्हा समोरून येणाऱ्याचे ते उजवीकडे असते. घाईतला मोटारवाला ते कापतो आणि सरळ आपल्या बाजूला येतो. म्हणून डाव्या वळणावर रस्त्याच्या मधोमध राहू नये. मात्र अगदी कडेलाही जाऊ नये, कारण तिथे खडी, वाळू आणि तुटलेली साईडपट्टी असते. आपले वळण उजवीकडे असते तेव्हा मोह आपल्यालाच होतो. आमच्या गवंड्याला तोच मोह झाला. शिवाय उजव्या वळणावर गाडी झुकते तेव्हा चाके रेषेच्या आत असली तरी डोके रेषेच्या बाहेर जाते. म्हणून उजव्या वळणावर मधली रेघ सोडून डावीकडेच राहावे.

मोटारवाल्याला आपण दिसतो, असे कधी गृहीत धरू नये. मोटारीच्या पुढच्या काचेच्या बाजूला जो खांब असतो, त्याच्या आड अख्खी मोटारसायकल लपते. शिवाय गाडी लहान दिसते म्हणून ती आहे त्यापेक्षा लांब आहे, असे समोरच्याला वाटते. एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही चालू राहतो तो यासाठीच. जुन्या गाडीवाल्यांनी घाटात दिवा स्वतः लावावा. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यावा, रात्री डिपर द्यावा. वळणावर ओव्हरटेक कधीही नाही. पुढे उसाचा ट्रक रांगत असेल तर मागे अंतर ठेवून रांगावे. अरुंद चढावर वर येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, हा कायद्यातलाच नियम आहे. उतरणाऱ्याने थांबायचे.

आता आपल्याकडची एक मोठी खोड. पेट्रोल वाचावे म्हणून उतारावर गाडी बंद करून न्यूट्रलवर सोडतात. दहा-वीस रुपयांचे पेट्रोल वाचत असेल, पण इंजिनाचा धरून ठेवण्याचा आधार जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेकचे लायनर तापतात आणि तापले की पकड सुटते. ज्या गिअरवर चढ चढतो, साधारण त्याच गिअरवर उतार उतरावा. ब्रेक दोन्ही वापरावेत. पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटतो, ही समजूत अर्धवट आहे. गाडी थांबवण्याचे जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. फक्त तो झटक्याने न दाबता हळूहळू दाबावा, आणि खडीवर किंवा ओल्या वळणावर जपून वापरावा.

काही जण हँडलला लिंबू-मिरची बांधतात. आपण विचाराने चालणारी माणसे आहोत. लिंबाने ब्रेक लागत नाही. तेवढ्या वेळात टायरची हवा, ब्रेकची तार आणि मागचा लाल दिवा पाहिला तर घरचे माणूस घरी येते.

मागे बसलेल्या माणसाचे काय?

हे आम्ही खास आपल्या आयाबहिणींसाठी लिहितो. मोटारसायकलवर मागे एकच माणूस बसवता येतो, हा कायदा आहे. आपण मात्र पुढे टाकीवर एक लेकरू, मध्ये एक, मागे आई आणि तिच्या मांडीवर आणखी एक, असा संसार घाटातून नेतो. रिक्षाचे पैसे नसतात, हे आम्हाला माहीत आहे. आमच्याकडेही नव्हते. पण निदान घाट असेल तेव्हा तरी दोन फेऱ्या कराव्यात किंवा एस.टी.ची वाट पाहावी.

एका बाजूला पाय सोडून बसल्याने तोल जातो आणि वळणावर आधार राहत नाही. दोन्हीकडे पाय टाकून बसण्यात लाज कसली? लाज वाटायची तर ती साडीचा पदर चाकात गुंतून बाई पडते तेव्हा बघ्यांना वाटावी. पदर आणि ओढणी कमरेला खोचावी. मागचे चाक झाकणारी जाळी, पाय ठेवायची जागा आणि धरायला दांडी गाडीला असलीच पाहिजे, असा नियम आहे. जाळी खडखडते म्हणून काढून भंगारात देऊ नये.

चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे, मागे बसणाऱ्यालाही. चार वर्षांखालच्या लेकरासाठी 2023 च्या फेब्रुवारीपासून वेगळा नियम लागू झाला आहे. त्याला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा हवा, डोक्यावर लहान हेल्मेट हवे आणि गाडी ताशी 40 च्या पुढे न्यायची नाही.

हेल्मेटविषयी पुरुषांच्या सबबी आम्हाला पाठ आहेत, कारण त्या आम्हीही सांगितल्या आहेत. उकडते, ऐकू येत नाही, जवळच तर जायचे आहे. आमचे हेल्मेट कित्येक वर्षे हँडलला लटकत असे आणि पोलीस दिसले की डोक्यावर चढत असे. आम्ही हेल्मेट पोलिसासाठी घालत होतो, डोक्यासाठी नाही.

हेल्मेटचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. 1935 च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स हा प्रसिद्ध सैनिक-लेखक मोटारसायकलवरून जाताना दोन सायकलस्वार पोरांना चुकवायला गेला आणि पडला. डोक्याला मार लागून काही दिवसांत तो मेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी ते मरण विसरून न जाता मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि 1941 साली तो प्रसिद्ध केला. त्यानंतर ब्रिटिश सैन्याने निरोप्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. पुढे जगभरच्या अभ्यासांची बेरीज केली तेव्हा दिसले की हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो. एका मरणातून शहाणपण घ्यायचे ते असे. पण हेल्मेट आयएसआय शिक्क्याचे हवे आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला हवा. पट्टा न लावलेले हेल्मेट माणसाच्या आधी जमिनीवर पडते.

कागदही जपा

आता पत्र्याच्या पेटीकडे वळतो. बहुतेकांना वाटते, गाडीचा विमा आहे म्हणजे आपला विमा आहे. तसे नाही. सक्तीचा असतो तो तिसऱ्या पक्षाचा विमा. आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर तो कामी येतो. 2022 साली ठरलेल्या दरानुसार 75 ते 150 सीसीच्या गाडीला त्याचा वर्षाचा हप्ता 714 रुपये, करासह साडेआठशेच्या आत. गाडीचा मालक स्वतःच चालवताना मेला तर त्याच्या घरच्यांना 15 लाख रुपये मिळवून देणारा अपघात विमा वेगळा असतो. त्याचा हप्ता वर्षाला काहीशे रुपये. पण त्यासाठी विमा चालू हवा आणि चालकाकडे वैध लायसन हवे. आमच्या गवंड्याकडे दोन्ही नव्हते. आम्ही हिशेब मांडला तेव्हा पेन हातातच राहिले. हजार-पंधराशे रुपये आणि लायसनसाठी दोन दिवसांची मजुरी बुडेल म्हणून टाळलेली खेप, याची किंमत 15 लाख झाली.

समोरच्या मोटारीच्या विम्याकडून भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. पण मृताचीही चूक दिसली तर रक्कम त्या प्रमाणात कमी होते. अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा, अशी तरतूद 2019 च्या दुरुस्तीत आहे. म्हणून दुःखातही कोणीतरी जाणत्याने पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, आधार आणि कमाईचा पुरावा गोळा करायला बसले पाहिजे. वाहन धडक देऊन पळून गेले तरी मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात.

अपघात दिसला तर पळू नका. साक्षीपुराव्यात अडकवतील ही भीती जुनी झाली. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आणि 2019 च्या दुरुस्तीने ते कायद्यात आले. 108 ला रुग्णवाहिकेसाठी, 112 ला पोलिसांसाठी फोन करावा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये, दोघांच्या मध्ये धरून मोटारसायकलवर न्यायची घाई करू नये. मे 2025 पासून अपघातातील जखमीवर ठरवून दिलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचाराची योजना आहे. दवाखान्यात ती नाव घेऊन मागावी. न मागता आपल्याला काही मिळाले आहे, असा आपला अनुभव नाही.

मागणी सरकारकडे आणि स्वतःकडे

रस्ता नीट असावा हा आपला हक्क आहे. आंधळ्या वळणावर फुगीर आरसा, दरीच्या बाजूला पक्का कठडा, रात्री चमकणाऱ्या पट्ट्या, साफ साईडपट्टी, उसाच्या वाहनांना मागे लाल परावर्तक आणि उसावर मजूर बसवण्यास बंदी, एवढ्या मागण्या ग्रामसभेत ठराव करून बांधकाम खात्याकडे आणि पोलीस ठाण्याकडे पाठवता येतात. अर्जाची पोच घ्यावी आणि जपून ठेवावी. आमचे ते खिशातले निवेदन आम्ही पुन्हा लिहिले. या मागण्या त्यात आहेत. पहिले वाक्य मात्र बदलले: आमचीही चूक झाली आहे, ती आम्ही सुधारतो, तुम्ही रस्ता सुधारा.

14 एप्रिलच्या मोटारसायकल रॅलीत या वेळी आमच्या वस्तीतील पोरांनी ठरवले आहे की ज्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही त्याच्या हाती झेंडा नाही. काही पोरे कुरकुरली, पण ठराव पास झाला.

त्या गवंड्याची बायको आता शिलाईचे काम करते. परवा तिच्या घरी गेलो तेव्हा खिळा रिकामा होता. आम्ही विचारण्याआधीच ती म्हणाली, "दिराला दिलं. तो पण घाटातून जातो. पिशवी काढून, पट्टा लावूनच धाडते."

वाचक बंधू-भगिनींनो, आज घरी खिळ्याकडे एकदा पाहा. हेल्मेट तिथे असेल तर घाटात जाताना ते बरोबर न्या. घाटात दहा मिनिटे उशीर झाला तर घरचे वाट पाहतील. वाट पाहायला लावा, पण घरी या.